आईचं नाव जुळत नाही

माझी आई ही माझी आई नाही, असं मला माझ्या फोननं सांगितलं. मंगळवार होता, मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान व्हायला थोडाच वेळ होता, आणि जिच्याविषयी फोन हे बोलत होता ती बाई माझ्यापासून चार हातांवर मांडी घालून शेंगा सोलत होती. ‘आईचे नाव जुळत नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा,’ असं त्यानं लाल अक्षरांत लिहिलं. चोपन्नाव्या वर्षी माणसानं आईच्या बाबतीत पुन्हा प्रयत्न कसा करायचा, हे मात्र लिहिलं नव्हतं.

तसं पाहिलं तर या सगळ्याला कारण मीच. जाकार्तापासून रेल्वेनं पाच तासांवरच्या पुर्वोकेर्तोतल्या एका विद्यापीठात मी संख्याशास्त्र शिकवतो. मागे मी एक अभ्यास केला होता: ‘विद्यापीठीय समाजात इस्लामी मोबाइल बँकिंगचा स्वीकार’. प्राध्यापक, कारकून, विद्यार्थी, माळी, सगळ्यांच्या मागे लागून प्रश्नावल्या भरून घेतल्या. ‘हे ॲप वापरायला सोपे आहे’ या वाक्यापुढे पाच चौकोन, ‘पूर्ण असहमत’पासून ‘पूर्ण सहमत’पर्यंत. तीनशे बारा प्रश्नावल्या हव्या होत्या, आल्या तीनशे अकरा. मग शेवटची मीच भरली आणि ‘पूर्ण सहमत’वर खूण केली. तोवर मी ते ॲप डोळ्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं. वाटलं, एवढ्या गर्दीत आपली एक खूण कोणाला दिसतेय!

ती कोणाला दिसली नाही, पण निबंध आमच्या डीनबाईंना दिसला. हाप्सारी मॅडमना कुठलाही कागद दिसला की लगेच राबवावासा वाटतो. त्यांनी परिपत्रक काढलं: एक तारखेपासून सगळ्यांची जुनी खाती इस्लामी बँकेत जाणार, पगार तिथेच होणार, आणि व्यवहार फोनवरून. जुनी पासबुकं, जुनी कार्डं बंद.

“आणि वासिस सर, आपल्या विभागाचे आदर्श वापरकर्ते तुम्ही!” असं म्हणून त्यांनी माझा फोटो काढायला लावला. एका हातात फोन, दुसऱ्या हाताचा अंगठा वर. ते चित्र माझ्याएवढं मोठं करून कॅन्टीनच्या दारात लावलं. म्हणजे पोस्टर आधी लागलं आणि ॲप नंतर घेतलं, असा हा उलटा संसार.

खरं सांगू? मला ते परिपत्रक वाचून वाईट वाटलं. आमच्या वेळी पगार खिडकीत मिळायचा. देशी बदामाच्या झाडाखाली ती खिडकी, आत दार्सिमकाका, आणि त्यांच्यासमोर तपकिरी पाकिटं. प्रत्येक पाकिटावर त्यांच्या वळणदार अक्षरात नाव. पाकीट देताना ते चष्म्यावरून बघत आणि एखादा शब्द बोलत. “वासिस, बारीक झालास रे!” एवढंच. पण महिन्यातून एकदा कोणीतरी आपल्याला नीट न्याहाळून बघतंय, हे बरं वाटायचं. रांग दुपारपर्यंत चालायची. पायरीशी एक बाई गरमागरम मेंदोआन तळत बसायची, टेंपेचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे, ते मऊ, अर्धेकच्चे काप हिरव्या मिरचीबरोबर खात आम्ही अख्ख्या विद्यापीठाची उणीदुणी काढायचो. त्या रांगेत लग्नं जुळली, भांडणं मिटली. ग्रंथालयातली रुमियाती मला तिथेच दिसली. ती माझ्या पुढे उभी होती. तेव्हापासून ती पुढेच आहे, मला कधी त्याचं वाईट वाटलं नाही.

पुढे बँका आल्या, मग कार्डं आली, झाडही पडलं. आता तर फोन. पण आदर्श वापरकर्त्यानं रडून कसं चालेल?

त्यात त्याच आठवड्यात हजच्या कचेरीतून पत्र आलं. आईचा नंबर लागला होता. अकरा वर्षांपूर्वी नाव नोंदवलं तेव्हा तिथल्या माणसानं वीस-पंचवीस वर्षं थांबावं लागेल असं सांगितलं होतं. आई तेव्हा अडुसष्ट वर्षांची होती. ती म्हणाली, “थांबते की. मला दुसरं काय काम आहे?” आता म्हाताऱ्या माणसांना आधी न्यायचं ठरलं म्हणून एकोणऐंशीव्या वर्षी बोलावणं आलं. उरलेली रक्कम भरायची मुदत पुढच्या शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत. ती चुकली तर जागा दुसऱ्याला, आणि पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. आमच्या घरात ‘पुढच्या वर्षी’ हा शब्द आईसमोर कोणी काढत नसे.

रक्कम तयार होती. मी आणि रुमियातीनं ती अकरा वर्षं जमवली होती. फक्त ती माझ्या त्या जुन्या खात्यात होती, आणि जुनं खातं आता फोनमध्ये गेलं होतं.

म्हणून त्या सोमवारी मी ॲप उघडलं. सुरुवात ‘बिस्मिल्ला’नं झाली, मला प्रसन्न वाटलं. नमाजाच्या वेळा होत्या, किब्ल्याची, मक्केकडची दिशा दाखवणारा काटा होता. मग करारनामा आला. सगळे लोक तो न वाचता ‘मान्य’ करतात, हे माझ्याच अभ्यासात सिद्ध झालंय. मी मात्र चौदाच्या चौदा पानं वाचली. आपली रक्कम बँकेकडे निव्वळ अमानत म्हणून ठेवायची की धंद्यातली भागीदारी म्हणून, यावर पाऊण तास विचार केला. तेवढ्यात ॲपनंच अजान दिली. आता इस्लामी बँकेचं ॲप नमाजाला बोलावतंय आणि आपण बसून राहायचं? उठलो, हातपाय धुतले, नमाज पढलो. परत येऊन बघतो तर ‘आपण बराच वेळ निष्क्रिय होता’ असं म्हणून त्यानं मला बाहेर काढलं होतं. असं सोमवारी एकदा झालं आणि मंगळवारी दुपारी एकदा. तिसऱ्यांदा, मंगळवारी संध्याकाळी, मी करारनामा न वाचता ‘मान्य’ केला आणि माझ्या अभ्यासाला आणखी एक पुरावा दिला.

मग चेहरा. ‘डोळे मिचकावा. डावीकडे पाहा. तोंड उघडा.’ मी सगळं केलं. ‘चेहरा सापडला नाही.’ चष्मा काढला, टोपी काढली, उजेडासाठी अंगणात गेलो आणि फोनकडे बघत पुन्हा डोळे मिचकावू लागलो. रुमियाती धावत बाहेर आली.

“अहो, काय होतंय तुम्हाला? तोंड वाकडं होतंय का?”

“बँक उघडतोय!”

“असलं कसलं उघडणं! आधी आत या, समोरची पोरं हसतायत.”

कुंपणापलीकडून हाजी मुस्तारोम हे सगळं शांतपणे बघत होते. हाजीसाहेब म्हणजे आमचे शेजारी, गल्लीप्रमुख आणि सर्व विषयांतले सल्लागार. ते म्हणाले, “सर, चेहरा असा कर भरायला निघाल्यासारखा करू नका. हसा थोडं. ओळखीच्या माणसाकडे बघून हसतो तसं.” मी फोनकडे बघून ओळखीचं हसलो आणि काय सांगू, चेहरा सापडला! मला त्या क्षणी हाजीसाहेबांविषयी जो आदर वाटला, तो पुढच्या पाच मिनिटांत साफ उतरला.

कारण यानंतर आलं आईचं नाव. मी लिहिलं, ‘वालुयाती’. जुळत नाही. माझ्याच अंगणात, माझ्याच आईच्या देखत! हाजीसाहेब कुंपणावरून म्हणाले, “सगळी अक्षरं मोठी लिहा. सरकारी माणसांना मोठी अक्षरं लागतात.” मोठी लिहिली. जुळत नाही. मग ते विचारात पडले आणि म्हणाले, “असं करा, ‘हाजियानी वालुयाती’ लिहा. हजला निघालीच आहे ना? बँक इस्लामी आहे, नियत बघेल.”

बँकेनं नियत बघितली नाही. ‘तीन चुकीचे प्रयत्न. आपल्या सुरक्षिततेसाठी आपले खाते गोठवण्यात आले आहे.’

बुधवारी मी शाखेत गेलो. काउंटरवर लुतफिया होती, माझी जुनी विद्यार्थिनी. मी तिला संख्याशास्त्रात ‘क’ दिला होता, तो मला तिचं हसू बघताक्षणी आठवला. तिला आठवला की नाही, हे तिनं शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

“आईंचं नाव, सर?”

“वालुयाती.”

तिनं पडद्याकडे पाहिलं. “नाही, सर.”

“नाही म्हणजे काय? अगं, मी ओळखतो तिला!”

“इथं दुसरंच नाव आहे.”

“कुठलं?”

“ते सांगता येत नाही. गुप्त असतं.”

“माझ्या आईचं नाव माझ्यापासून गुप्त?”

“तुमच्याच सुरक्षेसाठी, सर.” मग आवाज खाली करून, अगदी मनापासून म्हणाली, “तुमच्याच अभ्यासात आहे ना, सुरक्षा कडक असली की वापरणाऱ्याचा विश्वास वाढतो. पान सत्तावीस.”

टोमणा असता तर मी सहन केला असता. तिनं खरोखरच वाचलं होतं.

“लांब नाव आहे की छोटं?” मी विचारलं.

“सर...”

“निदान पहिलं अक्षर?”

“सर, वर कॅमेरा आहे.”

तिनं सांगितलं ते असं: हे खातं मी विद्यार्थी असताना उघडलेलं, तेव्हाच्या फॉर्मवर जे नाव आहे तेच चालणार. आता एकच संधी उरली. ती चुकली तर कागद जाकार्ताला मुख्य कचेरीत जाणार, दोन-तीन महिने. नाहीतर वॉर्ड ऑफिसातून दाखला आणा की ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत. किंवा आईंनाच घेऊन या, त्यांनी स्वतः ओळखपत्र दाखवून ते नाव सांगितलं की झालं.

एवढंच ना! मी घरी आलो. आई ओट्यावर तांदूळ निवडत होती.

“आई, तुझं नाव वालुयातीच ना?”

“आता आहे,” आई म्हणाली.

चोपन्न वर्षांत मला कोणी असं उत्तर दिलं नव्हतं. मी खाली बसलो. तिनं तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला आणि सांगितलं. नऊ वर्षांची असताना तिला ताप आला, चाळीस दिवस उतरेना. आजोबांनी ठरवलं, पोरीला नाव पेलवत नाहीये, जड झालंय. लाल-पांढरी खीर शिजवली, गल्लीत वाटली आणि नाव बदललं. वालुयाती म्हणजे बरी झालेली. तिसऱ्या दिवशी तिनं पेरू मागितला.

आमच्याकडे अशी नावं कितीकांची बदलतात, त्यात काही विशेष नाही. माझ्या वर्गात दर वर्षी दोघं-तिघं तरी असतात.

“बरं, मग जुनं नाव काय?”

“ते घ्यायचं नाही.”

“का?”

“घेतलं की ते परत येतं. ते आलं की ताप येतो.”

“आई, एका रुग्णावरून निष्कर्ष काढता येत नाही.”

“मी जिवंत आहे ना?”

“आहेस.”

“मग झालं तर.”

मी तिला सगळं समजावून सांगितलं. खातं, फॉर्म, शुक्रवार, तीन वाजता. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, “सिस, मला मक्केला जायचंय. धडधाकट जायचंय. नाव घेऊन अंथरूण धरलं तर काय अंथरुणावरून प्रदक्षिणा घालू?” आता या युक्तिवादात कुठं बोट ठेवायचं? हजला जाण्यासाठी नाव हवं, आणि नाव घेतलं तर हजला जाता येणार नाही. मी तीस वर्षं शिकवतोय, पण असा पेच मी परीक्षेत कधी घातला नाही.

हाजीसाहेबांनी लगेच पैसे देऊ केले, हे त्यांचं मोठेपण. पण आई म्हणाली, “उसन्या पैशांनी गेले तर मला काबा दिसायचा नाही, हाजीसाहेबांचं घर दिसेल.” हाजीसाहेबांना हे फार लागलं. त्यानंतर ते कुंपणाशी आलेच नाहीत.

मग मी वॉर्ड ऑफिसात गेलो. तिथला कारकून लवंगी सिगारेट ओढत होता. त्यानं फॉर्म पुढे सरकवला. “एक नाव इथं लिहा, दुसरं तिथं.”

“दुसरं मला माहीत नाही.”

“मग दुसरं आहे हे कशावरून?”

“बँक म्हणते.”

“मग बँकेला विचारा.”

“बँक सांगत नाही.”

“मग नसेल,” तो म्हणाला. पाच मिनिटं विचार करून त्यानं आणखी एक मार्ग काढला: आईचं एकच नाव आहे असा दाखला तो लगेच देऊ शकत होता, हवा असल्यास शिक्क्यासह. मी तो घेऊन काय करणार होतो? पण रिकाम्या हातानं परत जायची लाज वाटली म्हणून घेतला. अजून आहे माझ्याकडे.

शनिवारी मी आईच्या गावी गेलो. तिची थोरली बहीण कार्तिनेम मावशी हयात आहे. तिनं मला जवळ बसवलं, गरम चहा दिला, केळ्याची भजी दिली, माझ्या पोटाला हात लावून सुटलास म्हणाली. मी नाव विचारताच ताट पुढून उचललं.

“लाज नाही वाटत? सख्ख्या आईला मारायला निघालास?”

“मावशी, हजसाठी विचारतोय.”

“हजला पाठवायचंय की वर?”

मी जुन्या लोकांची घरं पालथी घातली. बहुतेक जण गेले होते. जे होते त्यांना सगळं आठवत होतं, कोणाची म्हैस कोणाच्या शेतात शिरली तेसुद्धा, पण ते एवढं एक नाव सांगायला कोणी तयार होईना. सत्तर वर्षं अख्ख्या गावानं एका पोरीसाठी तोंड बंद ठेवलं होतं. चिडून बसमध्ये बसलो, आणि अर्ध्या वाटेत राग कुठं गेला कळलं नाही. असं गाव आता कुठं मिळणार?

रविवारी मी शास्त्रीय मार्ग धरला. त्या काळच्या मुलींची नावं वारावरून, दर पाच दिवसांनी फिरून येणाऱ्या बाजारवारावरून ठेवायचे. मी चाळीस नावांची यादी केली आणि आई शेंगा सोलत असताना सहज वाचल्यासारखी वाचू लागलो. “पोनिराह... लेगिनेम... वागियाह...” आणि एकेका नावाला चष्म्याच्या कडेतून तिचा चेहरा बघत होतो. अठराव्या नावाला तिच्या भुवया किंचित हलल्या. मी पेन सरसावलं.

“सिस,” आई म्हणाली, “एवढा रिकामा आहेस तर मीठ घेऊन ये.”

सोमवार, मंगळवार, बुधवार असेच गेले. कॅन्टीनच्या दारात माझं पोस्टर अंगठा वर करून उभं होतं आणि त्याच्याखालून मी मान खाली घालून जात होतो. पगारही गोठला होता. हाप्सारी मॅडमनी विचारलं, “मग, कसं आहे ॲप?” मी म्हणालो, “सुरक्षित आहे.”

गुरुवारी संध्याकाळी मी हरलो. जेवताना सांगून टाकलं, “आई, उद्या मुदत संपते. राहू दे आता. पुढच्या वर्षी बघू.” तो शब्द तोंडातून गेला आणि मलाच भरून आलं. अकरा वर्षं ती रोज सकाळी अंगणात फेऱ्या मारत होती, पायांना सवय असावी म्हणून. आईनं ताटातला भात एका बाजूला केला.

रुमियाती पाणी वाढत होती. तिला चूप बसणं जमत नाही, त्याबद्दल मी आजन्म तिचा ऋणी आहे. ती म्हणाली, “पण मला एक कळत नाही. तुम्हाला नाव माहीत नाही, आईंनी लिहिलं नाही, मग फॉर्मवर लिहिलं कोणी?”

मी म्हणालो, “बाबांनी. मी पहिल्या वर्षाला आलो तेव्हा तेच आले होते खातं उघडायला. मी बाहेर दावेत पीत बसलो होतो.”

मला तो दिवस स्वच्छ दिसतो. बाबा साखर कारखान्यात कारकून होते, त्यांचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं. त्या दिवशी त्यांनी बाटिकचा चांगला सदरा घातला होता, खिशाला पेन लावलं होतं. बाहेर आले ते पासबुक माझ्या हातात देऊन म्हणाले, “जपून ठेव.” माझा उरलेला दावेत, नारळाच्या दुधातलं ते गार गोड सरबत, त्यांनी पिऊन टाकला आणि चारच्या बसनं परत गेले. त्यांना जाऊन आता वीस वर्षं झाली.

आईचा हात ताटातच थांबला होता.

“ह्यांनी लिहिलं?”

“दुसरं कोण असणार?”

“त्यांना कुठं आठवत होतं?” आई म्हणाली. आई-बाबा एकाच गल्लीतले, एवढं मला ठाऊक होतं. ती पुढे म्हणाली, “लग्न झालं तेव्हा मी विचारलं होतं. म्हटलं, माझं आधीचं नाव आठवतं का तुम्हाला? तर म्हणाले, नाही बुवा, साफ विसरलो. मला जरा वाईटच वाटलं होतं. ते बदकं घेऊन आमच्या दारावरून जायचे ना, तेव्हा त्याच नावानं हाक मारायचे मला. म्हटलं, एवढी हाका मारून विसरला हा माणूस?”

तिनं हात धुतले. उठताना म्हणाली, “सकाळी मला बँकेत ने.”

शुक्रवारी आठ वाजता आम्ही दारात हजर. आईनं ठेवणीतला हिरवा, लांब बाह्यांचा केबाया घातला होता. हाजीसाहेब रुसवा सोडून आपली गाडी घेऊन आले होते आणि सगळ्या वाटेभर मुदतीचे तास मोठ्यानं मोजत होते. लुतफियानं आईला खुर्ची दिली, ओळखपत्र पाहिलं आणि अदबीनं विचारलं, “आजी, फॉर्मवरचं नाव सांगता?”

“सांगणार नाही,” आई म्हणाली. “कागद दे. ते बोलले नाहीत, त्यांनी लिहिलं. मीही लिहीन.”

आई तिसरीपर्यंत शिकलेली. तिनं पेन मुठीत धरल्यासारखं धरलं, डावा तळहात कागदावर आडवा ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “तिकडे बघ.” मी तिकडे बघितलं. तिकडे भिंतीवर बँकेची जाहिरात होती आणि तिच्यात कोणीतरी माझ्यासारखाच अंगठा वर करून हसत होता. पेनचा आवाज येत होता, हळू, एकेका अक्षराचा. मग कागद सरकल्याचा आवाज.

लुतफिया म्हणाली, “जुळलं, आजी.”

हाजीसाहेब मागून एवढ्या मोठ्यानं ‘अल्हम्दुलिल्ला’ म्हणाले की पहारेकरी आत आला.

आई मात्र हलली नाही. “पोरी, तो फॉर्म आहे का तुझ्याकडे? त्यांच्या हातचा?”

लुतफियानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “खातं माझं आहे, माझी परवानगी आहे. कुठं सही करू?” सही करायला खरोखरच एक कागद होता. मग तिनं पडदा आईकडे वळवला, माझ्याकडे पाठ येईल असा. मला काही दिसलं नाही. आईचा चेहरा दिसला. ती पडद्याच्या अगदी जवळ वाकली, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. बोटानं काचेवर एक ओळ गिरवली.

“विसरलो म्हणे,” आई म्हणाली. “खोटारडा मेला.”

आणि ती हसू लागली. हसता हसता डोळ्यांना ओढणीचं टोक लावलं, आणि लुतफियानंही तोंड फिरवून डोळे पुसले, कॅमेरा असून. सदतीस वर्षं संसार केला बाबांनी तिच्याबरोबर, आणि तिला ताप येईल या भीतीनं तिचं लाडकं नाव एकदाही तोंडातून काढलं नाही. लिहिलं तेवढं एकदाच, कोणी मोठ्यानं वाचणार नाही अशा कागदावर, मी बाहेर दावेत पीत असताना.

पैसे साडेनऊला भरले गेले. फोननं माझं अभिनंदन केलं आणि अनुभव कसा वाटला म्हणून पाच चौकोन दाखवले. या वेळी मी खरं उत्तर दिलं.

आई हजला गेली. ताप आला नाही. बेचाळीस दिवसांनी विमानतळावर खुर्चीची गाडी नाकारून चालत बाहेर आली, हातात खजुराची पिशवी, आणि आल्याआल्या मला म्हणाली की मी वाळलोय. आठवडाभर घरी माणसांची रीघ होती. सगळे निघून गेल्यावर एका दुपारी मी तिचे पाय चेपत होतो, तेव्हा ती आपणहून बोलली.

“अराफातच्या मैदानात उभी होते ना, तेव्हा मी ते नाव घेतलं. मोठ्यानं. दोन्ही नावं सांगितली.”

“का गं? भीती नाही वाटली?”

“वाटली. पण म्हटलं, वरच्या दप्तरात कुठलं लिहिलंय कोणाला ठाऊक! तिथंही कोणी जुळत नाही म्हणालं तर? तिथं काय रुमियाती यायची आहे विचारायला?”

मी हसलो. मग विचारलं, “आणि बाबांचं? त्यांचं नाव घेतलंस?”

“त्यांचंच आधी घेतलं,” आई म्हणाली. “आणि सांगितलं, या माणसाचं एक खोटं माफ कर. माझ्यासाठी बोलला होता.”